इराणी कलमदान संग्रही असेल, तर या चुका टाळा

कापसाच्या बोळ्यावर बुलबुलाचं डोकं निघून आलेलं मी पाहिलंय. एका स्नेह्यांकडे काजार राजघराण्याच्या काळातलं वीतभर लांब कलमदान होतं, म्हणजे लेखण्या ठेवायची सरकत्या खणाची पेटी. वर गुलाब-बुलबुलाचं चित्र, पिवळट, काळवंडलेलं. ‘जरा स्वच्छ करू’ म्हणून त्यांनी कोपऱ्यावर स्पिरिट फिरवलं. आधी पिवळेपणा उतरला, तेव्हा त्यांना बरंच वाटलं. पुन्हा फिरवलं तशी गुलाबाची पाकळी फिकी झाली. तिसऱ्यांदा बुलबुल गेला.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. या वस्तूंना ‘लॅकर’ म्हणतात, त्यामुळे लाखेचं किंवा जपानी पद्धतीचं टणक काम असेल असा समज होतो. प्रत्यक्षात आत कागद असतो. कागदाचे थर चिकटवून किंवा लगदा साच्यावर थापून पेटी बनवायची, वर पांढरा लेप द्यायचा, त्यावर जलरंगात चित्र आणि शेवटी रोगणाचे हात. हे रोगण सँडरॅक नावाची राळ आणि जवसाचं तेल यांचं. (रोगण आणि कलमदान हे दोन्ही शब्द मराठीने फारसीतूनच घेतलेत.) म्हणजे रोगण गेलं की खाली उरतात ते उघडे जलरंग. दीडशे वर्षांत रोगण मधासारखं पिवळं होतं, त्याखालचा निळा हिरवट दिसतो, पांढरा सायीसारखा. हा मळ नव्हे, वय आहे. ओलं फडकंही नको, कारण बारीक तड्यांतून पाणी लेपात शिरतं. मऊ कोरडा ब्रश पुरे, आणि पापुद्रे सुटले असतील तिथे तोही नको. व्हार्निशचा नवा हात तर कधीच देऊ नका. चित्र सुटत असेल तर कागद आणि रंगचित्रांचं काम जाणणाऱ्या संवर्धकाकडेच जा.

दुसरी चूक सहीवर भाळण्याची. या चित्रकारांच्या सह्या फार सुंदर असतात. अठराव्या शतकातला अली अशरफ ‘मोहम्मदानंतर अली सर्वांत श्रेष्ठ (अशरफ)’ अशा अर्थाच्या ओळीत आपलं नाव गुंफायचा. एकोणिसाव्या शतकातला इस्फहानचा आका नजफ ‘या शाह-ए-नजफ’, म्हणजे ‘हे नजफच्या शाहा’, असं लिहायचा. फारसी न जाणणाऱ्याला ती नुसती प्रार्थना वाटते, आणि थोडं जाणणारा लगेच पाकीट काढतो. पण शिष्यांनी आणि नंतरच्या नकलाकारांनी याच ओळी गिरवल्या आहेत. म्हणून सही शेवटी वाचा. आधी खण बाहेर ओढून त्याच्या कडा आणि पेटीचा तळ बघा. वरचं चित्र जीर्ण आणि जिथे रोज हात लागायचा त्या कडा मात्र कोऱ्या, असं असेल तर थांबा. भिंग लावल्यावर रंगाऐवजी छापील ठिपके दिसले, तर ते रोगणाखाली चिकटवलेलं छापील चित्र आहे.

सनावळीतही फसगत होते. १२७० हे हिजरी चांद्र वर्ष, म्हणजे इ.स. १८५३-५४. शून्य तिथे नुसता ठिपका असतो, रोगणाच्या डागात तो सहज हरवतो. इराणने १९२५ मध्ये हिजरी सौर पंचांग अधिकृत केलं, म्हणून १३४० हा आकडा दिसला तर तो १९२१-२२ असू शकतो किंवा १९६१-६२. चाळीस वर्षांचा फरक आणि किमतीत त्याहून मोठा.

काश्मिरी पेटी इराणी म्हणून विकली जाणं आपल्याकडे नेहमीचं. काश्मिरी कामही मनापासून आवडावं असंच आहे, फक्त इराणी किंमत मोजून घेऊ नका.

पावसाळ्यात खण अडकतो. कागद दमट हवेने फुगलेला असतो, तेव्हा ओढू नका, तेल-मेण लावू नका. कोरड्या खोलीत काही आठवडे राहू द्या, बहुतेक वेळा सुटतो. हेअर ड्रायरने घाई केलीत तर लेप तडकेल. बबल रॅपमध्येही गुंडाळून ठेवू नका, उन्हाळ्यात रोगण मऊ पडतं आणि त्यावर प्लास्टिकचे गोल कायमचे उमटतात. आम्लरहित कागद आणि वर सुती कापड ठीक. वाळवी आणि कसर यांना मात्र हा कागदच दिसतो, म्हणून दर महिन्याला खण उघडून बघा.

परदेशातल्या मुलांकडे भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधन आहे. सामानात भरण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा.