कथा अर्ध्यात अडकतीय? या चुका टाळा

सांगलीच्या 2019 च्या पुरावर मी कथा लिहायला घेतली, 14 पानं झाली आणि पाणी आलं 9 व्या पानावर. त्याआधी काय, तर आजोबांची हळदीची अडत, वाटण्या, चुलत्यांची भांडणं, सगळं खानदान. दोस्ताला वाचायला दिली तर भडंग खात खात विचारतो, "पाणी कधी यायचं रे?"

नवीन लिहिणारे बरेचजण इथंच अडकतात बघा. आधी माहिती द्यायची आणि मग गोष्ट चालू करायची असं आपल्याला वाटतं, पण कथेला तेवढी जागाच नसते, ती एका दिवसाची नाहीतर एका रात्रीची असली तरी पुरे.

मग मी काय केलं, एकच गोष्ट उचलली. सांगलीत बऱ्याच घरांनी 2005 च्या पुराचाच हिशोब धरला होता, तेव्हा इथवर आलं म्हणजे आताही इथवरच येणार, आणि 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्याही वर गेलं, जिथं धोक्याची पातळी 45 आहे. कथेतली आजी तोच हिशोब धरून ओट्यावर बसलीय, पोराला तिला बोटीत घालायचंय आणि एकेक पायरी बुडतीय. कुणाला काहीतरी पाहिजे आणि कुणीतरी आडवं आलंय, एवढं नसेल तर कथा 3 पानांवर हमखास थांबते, मग आपण म्हणतो मूड नाही. मूडचा काही संबंध नसतो हो.

आकडे मात्र कथेत जपून. पोरगं "आयर्विनला किती?" विचारत फोनवर फोन करतंय ते ठीक, अख्खी सांगली तेच विचारत असते, पण आजी फूट मोजत नाही, पायऱ्या मोजते. ती बसलीय तिथनं दिसतं तेवढंच लिहा, नाहीतर बातमी होते.

संवादात तर मी कहर केलेला. "या वास्तूशी माझे भावबंध जुळले आहेत" असं आजी म्हणत होती, कुठली आजी असं बोलते? आता ती म्हणते, "पाच साली तिसऱ्या पायरीला आलतं, गेलं माघारी. च्या ठेव." मोठ्यानं वाचून बघा, लगेच कळतं. पण निवेदन पण सगळं बोलीत नको, वाचणारा दमतो.

पात्रं 3 बास. चुलते सगळे काढले, कुणाला आठवले पण नाहीत.

आणि शेवट. माझा शेवटचा परिच्छेद निसर्गापुढं माणूस किती छोटा यावर होता, तो आख्खा उडवला. आता पोरगा तिला उचलायला वाकतो, ती त्याच्या हातात देवाचा डबा देते, "हे आधी." बोटीत ती बसली का नाही ते लिहिलंच नाही. दिवाळी अंकाला पाठवली तर फोन आला, शेवटचं पान राहिलंय का म्हणून.