गच्चीवरून शर्मिष्ठेतला जोडतारा कसा पाहावा

जोडतारे बघायला ठाण्याजवळच्या येऊरच्या काळोख्या जंगलातच जावं लागतं, असं सांगणाऱ्यानं ते स्वतः फारसे पाहिलेले नसतात. काळोख लागतो तो तेजोमेघांना आणि दीर्घिकांना. शर्मिष्ठा (कॅसिओपिया) या तारकासमूहातला ईटा कॅसिओपिया हा जोडतारा मी घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या गच्चीतून, समोरच्या टॉवरच्या फ्लडलाइटसकट, दर हिवाळ्यात बघतो. मुख्य तारा वस्तुमानानं जवळपास सूर्याएवढा, अंतर सुमारे १९ प्रकाशवर्षं. त्याचा लहान, नारिंगी सोबती साधारण ४८० वर्षांत एक फेरी मारतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलनं १७७९ मध्ये ही जोडी टिपली, त्यानंतर जेमतेम अर्धी फेरी झाली आहे.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेआठला उत्तरेकडे तोंड करा. ध्रुवाच्या बऱ्याच वर शर्मिष्ठा एम अक्षरासारखी दिसते. एमचं डावं शिखर आणि मधला खळगा जोडा. शिखरापासून एक-तृतीयांशावर आपला तारा. फाइंडरात, म्हणजे नळीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत, सहज येतो. २५ मिमीच्या आयपीसनं (डोळा लावायच्या भिंगानं) मध्यावर घ्या.

आता खरी मारामारी. मुख्य ताऱ्याची प्रत ३.४, सोबत्याची ७.५ (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा फिका), म्हणजे तो चाळीसेक पटींनी मंद. ‘दिसत नाही? मग पॉवर वाढव,’ हा सल्ला ऐकून मी साडेचार इंची दुर्बिणीला बार्लो, म्हणजे पॉवर वाढवणारं जोडभिंग, लावून तीन रात्री घालवल्या. तारा कढईतल्या तेलासारखा उकळत होता. दोष भिंगाचा नव्हता, दिवसभर तापलेल्या स्लॅबवरून उठणाऱ्या गरम हवेचा होता. त्यात मी स्टँड लावला होता एसीच्या आउटडोअर युनिटशेजारी! बार्लो घरी ठेवा. दुर्बीण तासभर आधी वर नेऊन ठेवा, आणि गच्चीच्या ज्या भागावर दुपारी टाकीची सावली पडते तिथेच मांडा. दुर्बिणीच्या ९०० मिमी नाभीय अंतराला (फोकल लेंग्थला) १० मिमीचा आयपीस म्हणजे ९० पट. दोघांत १३ विकलांचं अंतर आहे (विकला म्हणजे एका अंशाचा ३६००वा भाग). ९० पटींत ते नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या चंद्राच्या दोन-तृतीयांश रुंदीएवढं वाटतं. आणखी काय हवं?

दुसरी चूक याहून लाजिरवाणी. एकदा भलत्याच फिक्या ताऱ्याला सोबती समजून मी बायकोला झोपेतून उठवून वर आणलं होतं. म्हणून आधी दिशा ठरवा. दुर्बिणीला हात न लावता तारा ज्या कडेतून बाहेर सरकतो, ती पश्चिम. नळी ध्रुवाकडे जरा ढकलली की ज्या कडेतून नवे तारे आत येतात, ती उत्तर. सोबती उत्तरेला, किंचित पश्चिमेकडे झुकलेला असतो. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं, त्यामुळे नकाशावरून अंदाज बांधू नका. मुख्य ताऱ्याकडे टक लावू नका. नजर थोडी बाजूला ठेवली की सोबती झगमगाटातून सुटा होतो.

रंग पाहायचा तर फोकस केसभर बिघडवा. पिवळा लगेच कळतो, नारिंगीला दोन-तीन मिनिटं द्या.