इंग्रजी कवितेतलं यमक जुळत नाही? आधी कवीचं गाव बघा

जॅक अँड जिलमध्ये 'वॉटर'चं यमक 'आफ्टर'शी आहे, किपलिंगच्या गंगा दीनमध्ये 'स्लॉटर'शी आणि वर्डस्वर्थकडे 'मॅटर'शी. शब्द एकच, यमकं तीन, आणि तिन्ही बरोबर आहेत. आपल्याकडची गाइडं आणि नेटवरच्या नोट्स अशी जोडी दिसली की 'आय राइम' असा शिक्का मारून मोकळ्या होतात, म्हणजे डोळ्याला जुळतं, कानाला नाही, चला पुढे. पण कीट्सने 'थॉर्न्स'ला 'फॉन्स' (म्हणजे पाडसं) जोडलंय, त्याची स्पेलिंगं बघा, ती तर डोळ्यालाही जुळत नाहीत. मग तिथे काय सांगणार? बीएच्या मुलांना कविता शिकवताना आणि शाळेतल्या पोरांची रेसिटेशनची तयारी करून घेताना जी पद्धत मला खरंच उपयोगी पडली तीच खाली देतेय.

ओळींच्या शेवटचे शब्द काढा आणि कुठला शब्द कुठल्याशी जुळायला हवा ते मांडून घ्या. हे सगळ्यांना येतं.

मग कवी कुठे वाढला ते बघा. कुठे वारला, कुठे प्रसिद्ध झाला हे नाही, लहानपण कुठे गेलं ते. बर्न्स १७५९ साली स्कॉटलंडमधल्या एअरशरचा, वर्डस्वर्थ १७७० साली कॉकरमथचा, म्हणजे इंग्लंडच्या पार उत्तरेचा आणि शाळाही तिकडेच हॉक्सहेडला, कीट्स १७९५ साली थेट लंडनचा. एवढं दोन मिनिटांत मिळतं.

आता स्वतःचं तोंड तपासायचं, आणि हे लोक करतच नाहीत. त्या शब्दांचे उच्चार तुम्ही जसे करता तसे देवनागरीत लिहून काढा, प्रामाणिकपणे, डिक्शनरी न बघता. मग कळतं की निम्म्या वेळा अडचण कवीची नसून आपली आहे. हम्प्टी डम्प्टीत 'मेन'शी 'अगेन' जुळवायचंय, तिथला 'मेन' आखूड, 'टेन'मधल्यासारखा, पण आपण 'अगेन' लांबवून म्हणतो, 'रेन'सारखं, म्हणून यमक थोडं लंगडतं. एबीसीच्या गाण्यात शेवटी 'मी' येतं, त्यामुळे तिथे 'झी'च म्हणावं लागतं, घरात कोणी 'झेड' शिकवलं असेल तर पोराचं गाणं तिथे अडखळणारच, कारण ते गाणं अमेरिकन आहे.

सगळ्यात मोठा घोळ 'र'चा. आपण मराठी माणसं लिहिलेला प्रत्येक र म्हणतो, 'मॉर्न', 'थॉर्न', 'डोअर' सगळ्यात. स्कॉटलंड, आयर्लंड आणि बहुतेक अमेरिकेतही म्हणतात. पण लंडन आणि आसपासच्या इंग्रजीत स्वरानंतरचा र अठराव्या शतकात विरत गेला. जॉन वॉकरने १७९१ सालच्या उच्चारकोशात नोंदच केलीय की लंडनमध्ये 'बार्ड', 'लार्ड'मधला र जवळजवळ नुसता 'आ' होऊन जातो. आता 'थॉर्न्स'मधला र काढा, 'थॉन्स' आणि 'फॉन्स', जुळलं की नाही? कीट्सने 'थॉट्स'ला 'सॉर्ट्स' जोडलंय तेही तसंच. आणि यावरून त्याला काय काय ऐकावं लागलं! ऑगस्ट १८१८ मध्ये एडिनबरच्या ब्लॅकवुड्स मासिकात टीकाकार लॉकहार्टने त्याच्या 'कॉकनी यमकां'ची, म्हणजे लंडनच्या साध्या लोकांच्या बोलीतल्या यमकांची, खिल्ली उडवली. लॉकहार्ट स्कॉटिश, त्याच्या भोवतीच्या बोलण्यात र ठणठणीत. गंमत म्हणजे ज्या बोलण्याला तेव्हा हलकं ठरवलं तेच पुढे शुद्ध इंग्रजी म्हणून मिरवलं, आज बीबीसीच्या बातम्या वाचणाऱ्याच्या तोंडी ही जोडी अगदी स्वच्छ जुळते.

देवनागरीत लिहिताना एक काळजी घ्या. ॲ, ऑ आणि ऱ्हस्व-दीर्घ नीट लावा नाहीतर सगळं मुसळ केरात. 'कॅट'ला 'कॅट'च लिहा, 'केट' नको.

आता खरी अवघड पायरी. जोडी तुमच्याही तोंडात जुळत नाही आणि टीव्हीवरच्या इंग्रजीतही जुळत नाही, मग कारण काय? इथे मी स्वतः बरीच वर्षं अडखळायचे, कारण कारणं चार असू शकतात आणि वरवर चारही सारखीच दिसतात. कवीच्या गावचा उच्चार असेल, कवीच्या काळचा उच्चार असेल, कवीने मुद्दामच अर्धं यमक ठेवलं असेल, किंवा आधीच्या कवींनी वापरलेली जोडी त्याने तशीच उचलली असेल.

मुद्दामचं अर्धं यमक ओळखणं त्यातल्या त्यात सोपं. अख्खी कविता बघा. विल्फ्रेड ओवेनच्या स्ट्रेंज मीटिंगमध्ये 'एस्केप्ट' आणि 'स्कूप्ट', 'हॉल' आणि 'हेल', सगळ्या जोड्यांत व्यंजनं तीच आणि स्वर वेगळा. सगळ्याच जोड्या एकाच पद्धतीने चुकत असतील तर त्या चुकत नाहीयेत, त्याने ठरवून केलंय. तिथे ओवेनच्या गावचा उच्चार शोधत बसू नका. उलट चाळीस जोड्या चोख आणि दोनच अडतायत, तर तिथे उरलेली तीन कारणं तपासायची.

काळाचं कारण आणि गावाचं कारण यांची मात्र हमखास गल्लत होते. अठराव्या शतकातला कवी अलेक्झांडर पोप याने रेप ऑफ द लॉकमध्ये 'ओबे'ला 'टी' जोडलंय, म्हणजे चहा. तो स्वतः लंडनचा, आणि त्याच्या काळी तिथले सुशिक्षित लोक चहाला 'टे' म्हणायचे. 'जॉइन'ला तो 'लाइन' जोडतो, कारण तेव्हा 'जाइन' म्हणत. नंतर लंडनमध्ये 'टे'चं 'टी' झालं, पण आयर्लंडमध्ये 'टे' टिकलं आणि तो आयरिश खेडवळ उच्चार समजला जायला लागला. त्यामुळे 'टे' आजच्या आयर्लंडमध्ये ऐकू येतं म्हणून पोप आयरिश बोलत होता असा निष्कर्ष काढू नका (अशा नोट्स मी वाचल्यात). काळ पुढे सरकला की जुना उच्चार कुठल्यातरी कोपऱ्यात शिल्लक राहतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून नियम असा ठेवा, त्याच काळातले दुसऱ्या भागातले कवीही तीच जोडी वापरत असतील तर कारण काळ, फक्त एका भागातले वापरत असतील तर कारण गाव.

शेक्सपिअरच्या बाबतीत बहुतेकदा काळच असतो. त्याच्या १५४ सॉनेट्सपैकी सुमारे दोन-तृतीयांशांत आजच्या उच्चारात न जुळणारी यमकं सापडतात, हे भाषाशास्त्रज्ञ डेव्हिड क्रिस्टलने दाखवलंय. याच क्रिस्टलच्या मदतीने लंडनच्या ग्लोब थिएटरने २००४ मध्ये रोमिओ अँड ज्युलिएट जुन्या उच्चारात केलं होतं. जॅक अँड जिलमधलं 'आफ्टर'ही असंच जुनं आहे. किंग लिअरमधला विदूषक 'डॉटर', 'स्लॉटर', 'हॉल्टर' आणि 'आफ्टर' हे सगळे एकाच माळेत ओवतो. बोलीत 'आफ्टर'मधला फ गळून 'आर्टर' व्हायचं, डिकन्सच्या कादंबरीतला सॅम वेलर तर कायम तसंच म्हणतो.

आता माझा सगळ्यात ठाम मुद्दा, आणि यात मी कोणाचं ऐकणार नाही. स्पेलिंग सारखं असलेली जोडी पुरावा म्हणून धरायची नाही. 'लव्ह' आणि 'प्रूव्ह' घ्या. शेक्सपिअरच्या तोंडी ते जुळत असेलही, पण पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत कवींनी ती जोडी वापरली कारण थोरामोठ्यांनी वापरली होती, कागदावर छान दिसते, वाचकाला सवय आहे. अशा जोडीवरून कवी कसा बोलायचा ते कळत नाही. स्पेलिंग वेगळं असूनही कवी ज्यांना पुन्हा पुन्हा एकत्र आणतो त्या जोड्यांवरून कळतं. 'थॉर्न्स–फॉन्स'ला वजन आहे ते यासाठी. आणि एकाच जोडीवर कधीच थांबू नका, त्या कवीच्या पाच-सहा कविता घेऊन तोच आवाज असलेली बाकीची यमकं शोधा. दुसरी-तिसरी तशीच जोडी सापडली तर बोला, नाही सापडली तर 'असू शकेल' एवढंच लिहा.

वर्डस्वर्थवर ही चाचणी लावून बघा. 'लाइन्स रिटन इन अर्ली स्प्रिंग'च्या पहिल्याच कडव्यात 'नोट्स' आणि 'थॉट्स' एकमेकांना जोडलेत. स्पेलिंग वेगळं, म्हणजे वजनदार जोडी. उत्तर इंग्लंडच्या बोलीत 'थॉट' हे 'थाउट' आणि 'थोट' यांच्या मधलं काहीतरी ऐकू येतं, आणि 'नोट'मधला 'ओ' आपल्या 'ओ'सारखाच सरळ, लंडनसारखा वळण घेणारा नाही. म्हणजे दोन्ही शब्द बरेच जवळ येतात. शिवाय त्याच्याच काळातल्या हॅझलिट या निबंधकाराने १८२३ मध्ये लिहून ठेवलंय की वर्डस्वर्थच्या बोलण्याला उत्तरेकडची घट्ट छटा होती. टोनी हॅरिसन हा लीड्सचा कवी, १९३७ सालचा, शाळेत त्याला त्याच्या गावच्या उच्चारात कीट्स म्हणू दिला नाही, त्यावर त्याने जी कविता लिहिली तिच्यात तो बजावतो की वर्डस्वर्थचं 'मॅटर–वॉटर' हे पूर्ण यमक आहे. उत्तरेत पाण्याला 'वॅटर' म्हणतात, झालं. माझं मत असं की 'नोट्स–थॉट्स' हा गावचाच उच्चार आहे, पण शंभर टक्के असं परीक्षेत लिहू नका.

उत्तर आणि दक्षिण इंग्लंड ओळखायला दोन शब्द पुरतात. दक्षिणेत 'ग्रास', 'बाथ', उत्तरेत 'ग्रॅस', 'बॅथ'. आपण 'क्लास', 'पास' म्हणतो म्हणजे यात आपण दक्षिणेकडचे. दुसरा शब्द 'कट'. उत्तरेत तो 'पुट'शी जुळतो, 'ब्लड' हे 'गुड'शी जुळतं. हॅरिसनच्या लीड्समध्ये 'अस'चं (म्हणजे 'आम्हाला') 'उझ' होतं. खात्री करायची असेल तर लीड्स विद्यापीठाच्या हॅरॉल्ड ऑर्टनच्या नेतृत्वाखाली १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी झालेली बोलींची पाहणी आहे, त्यात बहुतेक खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं टिपलंय. ऑनलाइन राइमिंग डिक्शनऱ्यांवर मात्र यासाठी विसंबू नका, बऱ्याचशा अमेरिकन उच्चारांवर बेतलेल्या असतात आणि त्या तुम्हाला बिनदिक्कत सांगतील की 'डॉन'शी (म्हणजे पहाट) 'मॉर्न' जुळत नाही.

बोलीतच लिहिलेली कविता असेल तर काम सोपं, फक्त सुधारू नका. बर्न्सच्या टॅम ओ' शँटरमध्ये 'हेम'शी 'डेम' जुळतं, हेम म्हणजे घर. त्याचं 'होम' केलंत की यमक गेलं. बहिणाबाईंच्या ओव्या आपण प्रमाण मराठीत फिरवून वाचत नाही ना, मग बर्न्सला तरी का फिरवायचं? आणि कवितेत बोलणारा कवी स्वतः नसून एखादं पात्र असेल तर पात्राचा उच्चार धरायचा.

शेवटी मोठ्याने वाचणं. इथे एकच सांगते, पूर्ण ॲक्सेंटची नक्कल करायला जाऊ नका, ऐकवत नाही. आपल्या नेहमीच्या आवाजात वाचा आणि फक्त यमकाचा शब्द हलवा. गंगा दीन यासाठी उत्तम आहे. किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, पहिली पाच वर्षं इथल्या आयांच्या हाताखाली इथलीच भाषा बोलत वाढला. कवितेत बोलतोय लंडनचा साधा सोल्जर, ह गाळणारा, आणि तो भिस्त्याबद्दल सांगतोय. इंग्रजीत नाव लिहिलंय त्यावरून परदेशातले लोक 'डिन' वाचतात, आवाज-गोंगाट या अर्थाचा शब्द असल्यासारखं. पण यमकं बघा, एका कडव्यात 'क्वीन', पुढे 'ग्रीन', शेवटच्या कडव्यात 'कँटीन'. तिन्ही ठिकाणी दीर्घ ई. म्हणजे किपलिंगच्या कानात आपलं सरळ 'दीन' होतं. आपल्या पोरांना हा शब्द इंग्रजांपेक्षा चांगला म्हणता येतो, तेव्हा यूट्यूबवर ऐकून 'डिन' म्हणायला शिकवू नका, आणि परीक्षकाने अडवलंच तर पोराला ते तीन शब्द पाठ करून ठेवायला सांगा.