क्रोममधून टाकलेलं ॲप रोज पासवर्ड मागतं: माझा अनुभव

म्हापशातल्या होमस्टेच्या काउंटरवर विंडोज ११, बुकिंगची साइट क्रोममधून ॲप म्हणून टाकलेली. सगळ्या विंडो बंद केल्या की लॉगिन गायब. ॲप काढून पुन्हा टाकलं, पण फुकट, डोकं उठलं. ॲपची विंडो वेगळी दिसते, कुकीज (साइटने लॉगिन लक्षात ठेवायला साठवलेल्या छोट्या नोंदी) मात्र क्रोमच्याच प्रोफाइलमध्ये राहतात.

क्रोममध्ये असं जा: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज, ऑन-डिव्हाइस साइट डेटा. इथे विंडो बंद होताच डेटा पुसण्याचा पर्याय निवडलेला होता. सामाईक संगणकावर तो असलेलाच बरा, बदलू नका. खालच्या परवानगीच्या यादीत ॲड दाबून साइटचा पत्ता घाला, आधी [*.] लावून, म्हणजे सबडोमेनही (त्याच साइटचे उप-पत्ते) येतात. लॉगिनचं पान दुसऱ्या डोमेनवर, म्हणजे वेगळ्या वेब पत्त्यावर, असेल तर तोही पत्ता घाला. नेमकं इथेच अडतं. मग एकदा लॉगिन करा.

लिनक्सवरच्या क्रोममध्येही हेच. मॅकवर सफारीतून डॉकमध्ये टाकलेल्या ॲपच्या कुकीज वेगळ्या असतात, तिथे हा उपाय चालणार नाही.