चिमूटभर मातीवरून क्रिटेशस थराचं वय कसं काढावं

क्रिटेशस कल्प १४.५ कोटी ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. एवढ्या लांबलचक काळातला कोणता तुकडा आपल्या हाती आहे, हे ठरवायला डायनोसॉरची हाडं फारशी उपयोगी नाहीत. ती सापडतातच क्वचित. समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरांची (थोडक्यात फोरॅम, म्हणजे कवच असलेले एकपेशीय सूक्ष्मजीव) कवचं मात्र चांगल्या गाळात चमचाभरात शेकड्यांनी मिळतात, आणि त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या.

खडक सागरी हवा. आपल्या सह्याद्रीतल्या बसाल्टवर वेळ घालवू नका, तो लाव्हा आहे. तमिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यातल्या कारै गावाजवळ घळींनी चिरलेली, जिप्समच्या शिरा असलेली चिकणमाती उघडी पडली आहे. ती आल्बियन, सेनोमॅनियन आणि तुरोनियन या क्रिटेशसमधल्या एकापाठोपाठच्या टप्प्यांतली आहे. परवानगी घेऊन घळीच्या तळापासून वर चढत जा. वरची झिजलेली माती बाजूला करून आतली ताजी घ्या, साधारण दर मीटरला एक नमुना. प्रत्येक पिशवीवर थराची उंची लिहा. ती लिहायची राहिली तर पुढची सगळी मेहनत वाया.

घरी शंभरेक ग्रॅम माती वाळवा, बारीक तुकडे करा आणि धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवा. आम्ल अजिबात वापरू नका, कवचं चुन्याची असतात. मग ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर हलक्या धारेखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. पुढच्या नमुन्याआधी चाळणी मेथिलीन ब्लूमध्ये बुडवून घ्या: आधीचं कवच जाळीत अडकलं असेल तर ते निळं दिसेल आणि तुम्हाला फसवणार नाही. उरलेली रेती मंद उष्णतेवर वाळवा.

आता द्विनेत्री सूक्ष्मदर्शक आणि अगदी बारीक ब्रश. टोक किंचित ओलं केलं की कवच त्याला चिकटतं. या कामाला संयम लागतो, पण मजा इथेच आहे. कडेचे कंगोरे मोजा, कप्प्यांचा आकार आणि तोंडाची जागा पाहा. सेनोमॅनियनच्या उत्तरार्धातल्या 'रोटालिपोरा कुशमनाय'ला एकच कंगोरा असतो. ती सेनोमॅनियन संपण्याच्या जरा आधी नाहीशी होते. त्यानंतर तुरोनियनमध्ये 'हेल्वेटोग्लोबोट्रंकाना हेल्वेटिका' येते, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. मात्र ती सगळीकडे एकाच वेळी अवतरत नाही, म्हणून तिच्या एकटीवर सीमा आखू नका.

प्रत्येक जातीचं पहिलं आणि शेवटचं दर्शन उंचीच्या तक्त्यावर मांडा. एकट्यादुकट्या कवचावर विश्वास ठेवू नये. जुन्या थरातून वाहून आलेलं कवच नव्या गाळात बसतं, त्यामुळे उघड्या थरात 'शेवटचं दर्शन' फसवं ठरू शकतं. बोअर खणताना वर येणाऱ्या चुऱ्यात उलटं घडतं: वरची माती खाली ढासळते आणि 'पहिलं दर्शन' बिघडतं. म्हणून विभाग ठरवताना नेहमी अनेक जातींचा संच पाहा.

फोरॅम स्वतः वर्षं सांगत नाहीत, फक्त क्रम सांगतात. आकडे येतात ज्वालामुखीच्या राखेतल्या झिरकॉन या खनिजावरून. सेनोमॅनियन-तुरोनियन सीमा ९.३९ कोटी वर्षांवर मानतात. एरवी पृथ्वीच्या चुंबकीय उलथापालथीही (ध्रुवांची अदलाबदल) मदतीला येतात, पण त्या काळात चुंबकीय क्षेत्र सुमारे ८.३६ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत दीर्घकाळ एकाच दिशेला राहिलं, त्यामुळे कारैच्या या मातीसाठी त्यांचा फारसा उपयोग होत नाही.