रोजच्या गाडीला रेसिंग टायर? गोव्यात या चुका टाळा

टायर गोटा झालाय, बदलायचाच आहे तर जरा ‘रेसिंग’मधला टाकू, असं म्हणणारे तरुण डिचोलीपासून मडगावपर्यंत कुठल्याही टायरच्या दुकानात भेटतात. त्यांचा हिशेब ऐकायला पटतो: जो टायर ताशी अडीचशेच्या वेगात वळणावर गाडी धरून ठेवतो, तो माझ्या चाळीसच्या वेगात धरणार नाही का? नाही धरणार. निदान तेवढं तरी नक्कीच नाही, आणि पावसात तर अजिबात नाही.

थंड टायरवर भरवसा

रेसिंग टायरचं रबर ‘मऊ’ असतं, म्हणून ते जास्त पकडतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक असतं. ते रबर मऊ केव्हा होतं, हे कुणी विचारत नाही. ट्रॅकवरच्या स्लिक, म्हणजे खाचा नसलेल्या, टायरचं रबर साधारण ८० ते १०० अंश सेल्सियसच्या आसपास खऱ्या अर्थाने कामाला लागतं. म्हणूनच शर्यतीपूर्वी टायरला विजेवर तापणारी पांघरुणं गुंडाळतात, आणि सुरुवातीच्या फेरीत फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर गाडी डावी-उजवीकडे हलवत चालवतात. थंड टायरवर पहिल्याच वळणात गाडी घसरते, हे त्यांना पक्कं माहीत असतं.

आता आपला प्रवास पाहा. मिरामारहून निघालात, पणजी बाजारात दोनदा थांबलात, पार्किंग शोधत एक चक्कर मारलीत आणि पोचलात. एवढ्यात टायर जेमतेम कोमट होतो. ‘पण गोव्यात ऊन काय कमी आहे?’ असा एक युक्तिवाद हमखास येतो. मेच्या दुपारी डांबर तापतं हे खरं, पण त्याने टायरची वरची कातडी गरम होते. शर्यतीतली उष्णता मुख्यतः टायर दाबाखाली सारखा मुडपल्यामुळे, जोरदार ब्रेकमुळे आणि वळणावरच्या ताणामुळे येते. तसं चालवल्याशिवाय ती येत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर तसं चालवलंत तर प्रश्न टायरचा उरणार नाही.

साधा टायर नेमका इथेच सरस ठरतो. पहाटे दूध आणायला निघालेल्या स्कूटरला पहिल्याच ब्रेकला पकड मिळावी, रस्ता ओला असला तरी मिळावी, अशा बेताने त्याचं रबर बनवलेलं असतं. त्यात मिसळलेलं सिलिका ओल्या रस्त्यावर विशेष उपयोगी पडतं. शंभर अंशाला तो ट्रॅकच्या टायरपुढे हरेल. तीस अंशाला, रोजच्या कामात, तोच जिंकतो.

पावसाचं गणित न मांडणं

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. टायर निवडताना या एका गोष्टीला जेवढं महत्त्व द्याल तेवढं थोडंच.

टायरवरची नक्षी शोभेसाठी नसते. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेलं पाणी बाहेर काढायला त्या खाचा असतात. स्लिक टायरला खाचाच नाहीत. फॉर्म्युला वनमध्ये तो १९७१ मध्ये आला, आणि कोरड्या ट्रॅकवर जास्तीत जास्त रबर टेकावं एवढ्यासाठीच आला. पाऊस पडला की ते लोक स्वतःच तो उतरवतात आणि खोल नक्षीचा पावसाळी टायर चढवतात. तो टायर ताशी ३०० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. ज्यांचा धंदाच वेगाचा आहे, तेही स्लिकवर पावसात जात नाहीत.

बाजारात स्लिकपेक्षा ‘सेमी-स्लिक’ जास्त दिसतात. मोजक्याच खाचा, बाकी सगळं सपाट. दिसतात मात्र झकास! अशा टायरवर जुलैत पर्वरीहून मांडवीवरच्या अटल सेतूकडे ताशी ऐंशी-नव्वदने निघालेली कार पाण्याच्या थरावर तरंगू शकते. त्या क्षणी स्टिअरिंग हलकं होतं, ब्रेक दाबला तरी चाकं नुसती घसरत जातात. एबीएसही इथे फार काही करू शकत नाही. रस्त्याला टेकलेलं चाक लॉक होऊ न देणं हे त्याचं काम, आणि इथे चाक रस्त्याला टेकलेलंच नसतं.

यात हवेचाही मोठा वाटा असतो. नासाने विमानांच्या टायरवर काम करून १९६० च्या दशकात एक ठोकताळा काढला होता. खाचांच्या आवाक्यापेक्षा पाणी जास्त असेल, तर टायर कुठल्या वेगाला तरंगेल हे त्यातल्या हवेच्या दाबावर ठरतं. त्या हिशेबाने ३३ पीएसआयला हा वेग ताशी सुमारे ९५ किलोमीटर येतो, २४ पीएसआयला सुमारे ८२. म्हणजे टायर गोटा आणि हवाही कमी असेल, तर तुमचा नेहमीचाच वेग धोक्याचा होतो.

दुचाकीचा टायर गोलसर आणि अरुंद असल्यामुळे तो तितक्या सहज तरंगत नाही. तिचा शत्रू वेगळा आहे. पहिल्या पावसात डिझेलच्या तवंगावर जांभ्याची लाल माती बसते आणि त्याचा गिलावा होतो. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर शेवाळ असतं, बोटीत ओला पत्रा असतो. अशा जागी कुठलाच टायर पूर्ण भरवशाचा नाही, पण नक्षी असली तर निदान चिखलाला निघून जायला वाट मिळते. सपाट टायरवर तो लिंपून बसतो.

‘ट्रॅकवरून उतरवलेला’ स्वस्त टायर घेणं

मला सगळ्यात जास्त खटकणारी चूक ही. शर्यतीत किंवा ट्रॅकवर एक-दोनदा वापरलेले टायर अर्ध्याहून कमी किमतीत विकायला येतात. नक्षी भरपूर शिल्लक, नाव मोठं, मोह होणारच. पण असा टायर प्रत्येक वेळी कडक तापून पुन्हा थंड झाला की त्याचं रबर थोडं कठीण होतं. असं काही वेळा झालं की वरून नवा दिसणारा टायर आतून संपलेला असतो. नखाने दाबून हे कळेलच असं नाही.

शिवाय अशा टायरवर आयएसआय चिन्ह आहे का, हे पाहायचं कुणाच्या लक्षात येत नाही. भारतात रस्त्यावरच्या गाड्यांच्या टायरसाठी ते बंधनकारक आहे. केवळ स्पर्धेसाठी बनवलेल्या टायरच्या कडेवर बहुतेक वेळा ‘हमरस्त्यावर वापरू नये’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना छापलेली असते. ती वाचूनही घेणारे लोक आहेत, त्यांना काय सांगणार!

सेकंडहँड असो वा नवा, कडेवरचा चार अंकी आकडा पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिले दोन अंक आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. किनाऱ्याकडच्या भाड्याच्या कित्येक गाड्या हंगाम संपला की महिनोन् महिने उभ्या असतात. त्यांची नक्षी शाबूत असते आणि रबराला बारीक तडे गेलेले असतात. गाडी जुनी घेताना हे विशेष बघा.

रुंद टायर, बुटका टायर

‘रेसिंग लूक’ हवा म्हणून कारला मोठी अलॉय आणि बुटका टायर घालतात. दुकानदार सांगतो की चाकाची एकूण उंची तीच राहते, स्पीडोमीटर चुकणार नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. १६५/८० आर१४, १८५/६५ आर१५ आणि २०५/४५ आर१७ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रबराच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत) या तिन्ही चाकांचा व्यास जवळपास ६२ सेंटिमीटरच भरतो. पण रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची भिंत पहिल्यात १३२ मिलिमीटर आहे, दुसऱ्यात १२०, तिसऱ्यात ९२. खड्डा आणि रिम यांच्यामधली चार सेंटिमीटर गादी तुम्ही पैसे मोजून काढून टाकलीत. आपल्याकडे गणेशचवथीच्या आधी खड्डे बुजवण्याची आश्वासनं दरवर्षी ऐकू येतात आणि रस्ते कसे राहतात तेही आपण बघतोच. बुटक्या टायरला कडेला फुगा येणं, रिम वाकणं हे नेहमीचं. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

दुचाकीवर उलटा प्रकार चालतो. मागे जाड टायर हवा असतो. कंपनीने १३० मिलिमीटर रुंदीचा दिलेला असताना त्याच रिमवर १५० चढवला की रिमच्या कडा टायरला आत ओढतात, माथा टोकदार होतो आणि वळणावर टायर जसा टेकायला हवा तसा टेकत नाही. गाडी वळायला जड होते, मायलेज घटतं, कधी चेन किंवा मडगार्डला टायर घासतो. एवढं करून पकड वाढतेच असं नाही.

आकाराच्या पुढे छापलेला भाराचा अंकही महत्त्वाचा. ८२ म्हणजे एका टायरवर ४७५ किलो, ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायरपेक्षा कमी अंकाचा टायर घेऊ नका. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन चोर्ला घाट उतरताना तो अंक कामाला येतो. वेगाचं अक्षर (एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, व्ही म्हणजे २४०) त्यामानाने कमी महत्त्वाचं. मूळच्या इतकं असलं की पुरे.

ट्रॅकवरची हवा रस्त्यावर

ट्रॅकवर जाणारे लोक सुरुवातीला हवा कमी ठेवतात, कारण टायर तापला की दाब आपोआप वाढतो. हे व्हिडिओत पाहून रोजच्या बाईकची हवा उतरवणारे आहेत. रस्त्यावर टायर तेवढा तापतच नाही, त्यामुळे दाब कायम कमीच राहतो, कडा झिजतात आणि खड्ड्यात रिमला मार बसतो. कारच्या दरवाजाच्या चौकटीवर किंवा बाईकच्या चेनकव्हरजवळ जो आकडा चिकटवलेला असतो, तोच धरा, आणि टायर थंड असताना मोजा. नायट्रोजनबद्दल थोडक्यात: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. फुकट मिळाला तर घ्या, पण हवा तपासायची सवय त्यामुळे सोडू नका.

टायर बदलण्याआधी झीज वाचा

‘या टायरला पकडच नाही’ म्हणून महागडा टायर घेणाऱ्या निम्म्या लोकांची तक्रार मुळात टायरची नसते, असं माझं मत आहे. जुना टायर फेकण्याआधी त्याच्यावरून हात फिरवा. मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलेलं आहे, आणि ते न करता नवा टायर टाकलात तर तोही तसाच जाईल. हाताला उंचसखल लागत असेल तर शॉकॲब्झॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासा. ऐंशी-नव्वदच्या वेगात स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंगच करून घ्या, त्याला फार पैसे लागत नाहीत. बाईकचा मागचा टायर मधोमध सपाट झाला असेल तर तो सरळ हमरस्त्यावर फार धावला. वळणावर ‘गाडी अचानक पडते’ असं जे वाटतं, ते त्या सपाट पट्ट्याच्या कडेमुळे.

खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की कारचा टायर संपला. ती मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण गोव्याच्या पावसासाठी मी तीन मिलिमीटरलाच टायर संपला असं धरेन, आणि बदल जूनपूर्वी उरकेन.

मग घ्यायचं काय?

रोज म्हापसा-पणजी किंवा फोंडा-मडगाव करणाऱ्याने कंपनीने दिलेल्या आकाराचा, ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी नावाजलेला साधा टायर घ्यावा. उसगावात एमआरएफचा कारखाना असल्यामुळे आपल्याकडे टायरच्या ब्रँडवर घरोघर मतं असतात, पण तीच कंपनी शर्यतीचे टायर वेगळे बनवते आणि रस्त्याचे वेगळे, हेही लक्षात घ्या. ताकदवान बाईक आहे, सुट्टीला अनमोड घाटात जायची हौस आहे, तर ‘स्पोर्ट-टूरिंग’ वर्गातला रेडियल टायर शोधा, मात्र तुमच्या रिमला आणि आकाराला तो चालतो याची खात्री करून. त्याच्या मध्यभागी कठीण रबर आणि कडांना मऊ रबर अशी रचना अनेकदा असते. सरळ रस्त्यावर तो लवकर झिजत नाही आणि वळणावर धरतो. कोईमतूरच्या करी स्पीडवेवर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर खरंच जाणार असाल, तर रेसिंग टायर दुसऱ्या रिमवर चढवून सोबत न्या. गोव्याहून तिथपर्यंत त्याच्यावरच गाडी चालवत गेलात तर पोचेपर्यंत अर्धा टायर रस्त्यातच संपेल.

कारचे दोनच टायर बदलत असाल तर नवे मागे टाका, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जात असली तरीही. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी करून सावरता येते. मागची घसरली तर गाडी फिरते. दुकानात बहुतेक वेळा नवे पुढे घालायला निघतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवा. आणि नव्या टायरवर साच्यातला गुळगुळीतपणा राहिलेला असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर, विशेषतः दुचाकीवर, वळणं बेताने घ्या आणि ब्रेक हळू लावा.