दुमागेते कसं पाहावं: आधी बुधवार पकडा

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर दुमागेते हे विद्यापीठाचं शहर आहे. इथला बेत आखताना तारखेआधी वार बघा. शहराच्या दक्षिणेला मालातापाय इथे दर बुधवारी गुरांचा आठवडी बाजार भरतो आणि समुद्री कासवांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपो बेटाच्या होड्याही तिथूनच सुटतात. बुधवार साधला की एका फेरीत दोन्ही होतं. म्हणून मंगळवारी पोचा आणि गुरुवार मोकळा ठेवा. समुद्र खवळला की तटरक्षक दल होड्या बंद करतं, तेव्हा हाच दिवस कामी येतो.

महिना निवडताना मार्च ते मे धरा, समुद्र तेव्हा सर्वांत शांत असतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत ईशान्येचा वारा सुटतो, त्याला तिथे ‘अमिहान’ म्हणतात. या दिवसांत होडी निघते, पण माणसं नखशिखान्त भिजतात.

भारतीय पासपोर्टवर 2025 पासून पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसा लागत नाही, मात्र ही मुदत वाढवून मिळत नाही. किमान सहा महिने वैध पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग हाताशी असू द्या. फिलिपिन्समध्ये उतरण्याआधीच्या 72 तासांत ‘ईट्रॅव्हल’ हा सरकारी ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो. तो मोफत आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की बंद करा. मनिलाहून दुमागेतेचं विमान साधारण सव्वा तासाचं. मनिलात अनेकदा टर्मिनल बदलावं लागतं आणि वाहतूक तुंबते, म्हणून दोन विमानांमध्ये चारेक तास तरी हवेत. शेजारच्या सेबू बेटाकडून येणाऱ्यांनी बसने त्या बेटाच्या दक्षिण टोकाचं लिलोआन बंदर गाठावं. तिथून समोरच्या, दुमागेतेला लागून असलेल्या सिबुलानला फेरीबोट अर्ध्या तासात पोचवते.

मंगळवारची दुपार पायी फिरण्यासाठी ठेवा. कॅथेड्रलशेजारचा घंटेचा मनोरा स्पॅनिश काळातला आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या चाच्यांची वर्दी देण्यासाठी या घंटा वाजत. तिथून सिलिमन विद्यापीठात जा. 1901 साली अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या या संस्थेच्या आवारात आपल्याकडच्या पर्जन्यवृक्षासारखीच, त्याच जातीची प्रचंड झाडं आहेत. तिथे त्यांना ‘अकेशिया’ म्हणतात. सिलिमन हॉल या जुन्या लाकडी इमारतीतलं मानववंशशास्त्राचं संग्रहालय चुकवू नका, पण ते उघडं आहे ना हे आधी विचारून घ्या. संध्याकाळी रिझाल बुलेव्हार्ड हा समुद्रकाठचा रस्ता गाठा. 1896 मध्ये दापितानच्या हद्दपारीतून मनिलाकडे जाताना फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल या शहरात थांबले होते.

बुधवारी पहाटे सार्वजनिक मंडईतल्या ‘पाइनितान’मध्ये, म्हणजे गरम न्याहारीच्या गाळ्यांवर बसा. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात शिजवून केळीच्या पानात वळलेलं ‘बुदबुद’ आणि कोकोच्या वड्या घोटून केलेलं दाट ‘सिक्वाते’ मागा. सोबत पिकलेला आंबा मिळाला तर जरूर घ्या. शाकाहारी माणसाला या शहरात याहून खात्रीची न्याहारी सापडणं कठीण. बुदबुदमध्ये तांदळाऐवजी बारीक भरडधान्य असेल तर ते ‘बुदबुद काबोग’. ते दिसलं तर आधी तेच उचला.

मग दक्षिणेकडे जाणारी बस किंवा जीपनी, म्हणजे तिथली सार्वजनिक जीप, पकडा आणि वाहकाला ‘मालातापाय’ सांगून ठेवा. प्रवास पाऊण तासाच्या आसपास. बाजार सकाळीच रंगतो. डोंगरातले शेतकरी गुरं घेऊन उतरतात, किनाऱ्याचे कोळी मासळी मांडतात. तास-दीड तास पुरे, कारण दुपारी लाटा वाढतात.

होडीचं भाडं माणशी नसून संपूर्ण होडीचं असतं. दोघेच असाल तर नोंदणीच्या खिडकीजवळ थांबून आणखी सोबती जोडून घ्या. बेटावरचं प्रवेशशुल्क, वाटाड्या आणि पोहण्याचं साहित्य यांचे पैसे वेगळे. सगळं रोख द्यावं लागतं, म्हणून सुट्टे पेसो शहरातूनच न्या. फोन आणि पासपोर्ट जलरोधक पिशवीत ठेवा. होडीत चढताना-उतरताना कमरेपर्यंत पाणी लागू शकतं. परतीची वेळ नावाड्याशी निघतानाच पक्की करा.

आपोच्या किनाऱ्यालगत, उथळ पाण्यात हिरवी कासवं चरतात. वाटाड्याच्या मागे राहा आणि दोन-तीन मीटर अंतर सोडा. कासवाच्या वर तरंगू नका, कारण त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यावं लागतं आणि वाट अडली की ते बिथरतं. प्रवाळावर पाय टेकू नका. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला.

ही शिस्त पाळणं ही त्या बेटाची कदर करणं आहे. 1980च्या दशकात सिलिमनचे जीवशास्त्रज्ञ अँजेल अल्काला यांच्या साथीने इथल्या कोळ्यांनी समुद्राचा एक तुकडा मासेमारीसाठी स्वतःहून बंद केला. आतले मासे वाढले, बाहेर पसरले आणि कोळ्यांच्या जाळ्यात आले. हे पाहून फिलिपिन्समधल्या इतर किनाऱ्यांनीही असे राखीव पट्टे केले.

गुरुवार मोकळा मिळाला तर सिबुलानच्या डोंगरातली बालिन्सासायाव आणि दानाव ही जुळी तळी पाहा. चढाचा रस्ता आहे, जाण्या-येण्याचं वाहन ठरवूनच निघा. काजू, अंड्याचा पांढरा बलक आणि लोणी वापरून केलेली ‘सिल्व्हानास’ ही मिठाई घरी न्यायची असेल तर विमानाच्या दिवशीच घ्या, कारण ती गोठवलेली विकतात आणि उन्हात लगेच वितळते.